ग्राफिक्स कार्ड घेताय? आधी प्रोसेसर कोणता ते पाहा!

घरात संगणक असणे ही आता चैनीची बाब राहिलेली नाही. मुलगा अभियांत्रिकीला असो, मुलगी ॲनिमेशनचा कोर्स करीत असो, की घरातले कोणी लग्नाच्या व्हिडिओंचे एडिटिंग करून चार पैसे मिळवीत असो, संगणकावाचून कुणाचेच चालत नाही. म्हणून आपल्यापैकी अनेक कुटुंबे पोटाला चिमटा घेऊन, भिशीचे पैसे उचलून किंवा हप्त्यावर संगणक घेतात. तो घरात आला की वर्ष-दोन वर्षांत एक मागणी हमखास पुढे येते : "बाबा, याच्यात ग्राफिक्स कार्ड टाकावं लागेल."

ग्राफिक्स कार्ड ही काही शे-दोनशे रुपयांची वस्तू नव्हे. सेकंडहँड घेतलेल्या संगणकापेक्षा त्यात बसवायच्या कार्डाचीच किंमत जास्त, असेही पुष्कळदा होते. आई-वडिलांना त्यातले फारसे कळत नाही. मुलाला यूट्यूबवर पाहिलेले एखादे नाव पाठ असते. दुकानदाराला तर समोरचा माल खपवायचा असतो. या तिघांच्या मध्ये कष्टाचा पैसा सापडतो. कार्ड घरी येते, बसवले जाते आणि चित्र मात्र पूर्वीसारखेच अडखळत चालते. कधी कधी तर संगणक सुरूच होत नाही. मग कार्ड खराब निघाले म्हणून दुकानाच्या खेपा सुरू होतात. पुष्कळदा कार्डात काहीच बिघाड नसतो. त्या संगणकाच्या प्रोसेसरशी, मदरबोर्डाशी आणि एसएमपीएसशी त्याची जोडी जमलेली नसते, एवढेच.

ही जोडी कशी पाहायची हे समजण्यासाठी इंजिनियर असण्याची गरज नाही. घरातल्या कोणालाही ते समजू शकते. तेच येथे सोप्या शब्दांत सांगण्याचा प्रयत्न आहे.

दोघांची कामे वेगवेगळी

प्रोसेसर हा संगणकाचा कारभारी. हिशेब करणे, कोणते काम आधी व कोणते नंतर ते ठरविणे, फाईल उघडणे, की-बोर्डावरून आलेला हुकूम समजून घेणे, ही सारी त्याची कामे. त्याच्यात साधारणपणे चार, सहा, आठ असे 'कोअर' असतात. कोअर म्हणजे एकेक हुशार कारागीर समजा. कसलेही अवघड काम द्या, तो करतो. पण हे कारागीर संख्येने थोडे.

ग्राफिक्स कार्डाचे तसे नाही. त्याच्यात साधे पण संख्येने प्रचंड कामगार असतात. एनव्हिडिया कंपनीच्या 'आरटीएक्स ३०६०' या २०२१ सालच्या १२ जीबी कार्डात असे ३,५८४ छोटे कोअर आहेत. पडद्यावरचे चित्र लाखो ठिपक्यांचे बनलेले असते. फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याचा रंग ठरवायचा आणि हे काम सेकंदाला साठ वेळा करायचे. असे एकसारखे, पुन्हा पुन्हा करायचे काम हजारो हातांनी एकदम करणे हे कार्डाचे वैशिष्ट्य. पूर्वी हे ओझे बरेचसे प्रोसेसरवरच असे. १९९० च्या दशकात त्रिमितीय खेळ वाढले, तसे चित्र काढण्यासाठी वेगळे कार्ड घालण्याची पद्धत रुळली. १९९९ साली एनव्हिडियाने 'जीफोर्स २५६' हे कार्ड आणले आणि 'जीपीयू' हा शब्द सर्वांच्या तोंडी झाला.

पण कार्ड कितीही दणकट असले तरी ते आपण होऊन काही काढीत नाही. कोणती वस्तू कोठे आहे, पात्र कोठे सरकले, प्रकाश कोठून येतो, हे प्रत्येक चित्रामागे प्रोसेसर ठरवितो व कार्डाला तसा हुकूम देतो. मग कार्ड रंगवते. सेकंदाला ६० चित्रे हवी असतील तर एका चित्रासाठी सुमारे १७ मिलिसेकंदच मिळतात. तेवढ्या वेळात दोघांचीही कामे उरकली पाहिजेत.

थापणारी आणि भाजणारी

आपल्या घरातलेच उदाहरण घेऊ. कार्यक्रमाचा स्वयंपाक आहे. एक बाई भाकरी थापते आहे, दुसरी भाजते आहे. थापणारीच्या हातून पाच मिनिटांत चार भाकऱ्या होतात. भाजणारीजवळ मात्र दोन तवे आहेत, ती तेवढ्याच वेळात दहा भाकऱ्या भाजू शकते. टोपलीत किती पडतील? चारच. अशा वेळी तिसरा तवा विकत आणला तर एकही भाकरी वाढणार नाही. उलट थापणाऱ्या तिघी आणि तवा एकच असला, तर थापणाऱ्यांना हातावर हात ठेवून बसावे लागेल.

येथे थापणारा प्रोसेसर आहे आणि भाजणारे कार्ड. समजा, एखाद्या खेळात तुमचा प्रोसेसर सेकंदाला ५० चित्रांची तयारी करू शकतो आणि कार्ड १२० चित्रे काढू शकते. पडद्यावर ५० च दिसतील. त्याच संगणकात त्याहून दुप्पट महाग कार्ड घातले तरीही ५० च. वरचे सारे पैसे वाया. संगणकाच्या बाजारात या अडथळ्याला 'बॉटलनेक' म्हणतात. दुकानदाराच्या तोंडून हा शब्द ऐकलात तर गोंधळून जाऊ नका. थापणारी मागे पडते आहे की भाजणारी, एवढाच त्याचा अर्थ.

कोणत्याही संगणकात दोघांपैकी एकजण थोडा मागे राहणारच. शंभर टक्के बरोबरीची जोडी अशी नसते, कारण प्रत्येक कामात दोघांवर पडणारा भार निराळा असतो. म्हणूनच इंटरनेटवर प्रोसेसर आणि कार्ड यांची नावे टाकून 'इतके टक्के बॉटलनेक' असे सांगणारी जी यंत्रे दिसतात, त्यांच्या आकड्यांवर फार विसंबू नये. कोणते काम, कोणता पडदा, हे नीट पाहिल्याशिवाय असा एक आकडा काढताच येत नाही.

काम कोणते, ते आधी ठरवा

कार्डाची खरोखर गरज आहे का, हा पहिला प्रश्न. टायपिंग, एमएस-सीआयटी, टॅली, ऑनलाइन अर्ज भरणे, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास, व्हिडिओवरची व्याख्याने यांपैकी कशालाही वेगळे ग्राफिक्स कार्ड लागत नाही. बहुतेक प्रोसेसरांतच चित्र दाखविण्याची सोय असते व ती या कामांना पुरते. अशा घरात कार्डाऐवजी एसएसडी आणि थोडी जास्त रॅम घातली तर संगणक कितीतरी चपळ होतो आणि खर्चही कमी येतो.

फोटोशॉप, कोरल ड्रॉ यांसारख्या कामांत प्रोसेसर आणि रॅम यांना जास्त महत्त्व आहे. साधे कार्ड असले तरी भागते. व्हिडिओ एडिटिंगला दोघेही लागतात. 'दा विंची रिझॉल्व्ह' हे सॉफ्टवेअर मोफत मिळते, पण ते कार्डावर बराच भार टाकते. ॲनिमेशन शिकणारी मुले 'ब्लेंडर' वापरतात. तेही मोफत आहे. त्यात तयार दृश्याचे अंतिम चित्र काढण्याचे काम, म्हणजे रेंडरिंग, कार्डावर सोपविता येते. एकेका चित्राला मिनिटे लागतात आणि तो सगळा वेळ कार्डच राबत असते. अशा कामात प्रोसेसर जरा जुना असला तरी फार अडत नाही. याउलट खेळांत प्रत्येक क्षणी प्रोसेसरला नवा हुकूम द्यावा लागतो. तेथे जुना प्रोसेसर लगेच उघडा पडतो.

हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेचा अभ्यास करणारी मुलेही कार्ड मागतात. त्यात कार्डाच्या वेगाइतकीच त्याची स्वतःची मेमरी महत्त्वाची ठरते. या क्षेत्रातील पुष्कळसे सॉफ्टवेअर एनव्हिडियाच्या 'कुडा' या पद्धतीवर लिहिलेले असल्याने त्याच कंपनीचे कार्ड सोयीचे पडते. पण शिक्षणाच्या सुरुवातीलाच कार्ड घ्यावे लागते असे नाही. गुगलच्या 'कोलॅब' या सेवेत ठराविक मर्यादेपर्यंत दूरच्या संगणकाचे कार्ड मोफत वापरता येते. निदान पहिले काही महिने मुलांनी त्यावर हात बसवावा. तेवढ्यात खरी गरज किती, हेही कळेल.

पैसा न खर्चता करायची परीक्षा

तुमच्या घरी आधीच एखादे जुने कार्ड असेल आणि ते बदलायचे असेल, तर दुकानात जाण्यापूर्वी ही परीक्षा घरीच करा.

ज्या कामात संगणक अडखळतो ते काम सुरू ठेवा. मग की-बोर्डावरील कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यातील 'परफॉर्मन्स' या भागात सीपीयू म्हणजे प्रोसेसर आणि जीपीयू म्हणजे कार्ड, दोघांच्या कामाचे आलेख दिसतात. खेळ चालू असताना कार्डाचा आकडा ९५ टक्क्यांच्या वर टिकून राहत असेल, तर कार्ड पूर्ण ताकदीने राबते आहे. नवे कार्ड घेतल्यास फरक पडेल. पण कार्ड ४०-५० टक्क्यांवरच रेंगाळत असेल आणि तरीही चित्र अडखळत असेल, तर संशय प्रोसेसरवर घ्यावा. प्रोसेसरचा एकूण आकडा कमी दिसला म्हणून फसू नका. चार कोअरांपैकी एकच कोअर पूर्ण दमलेला आणि बाकीचे रिकामे, असेही असते. आलेखावर उजवे बटण दाबून प्रत्येक कोअरचा वेगळा आलेख पाहता येतो.

दुसरी परीक्षा याहून सोपी. खेळाच्या सेटिंगमध्ये पडद्याचे रिझोल्यूशन १९२० गुणिले १०८० वरून १२८० गुणिले ७२० वर आणा. ठिपक्यांची संख्या निम्म्याहून कमी होते, म्हणजे कार्डाचे ओझे हलके होते. प्रोसेसरचे काम मात्र जवळपास तेवढेच राहते. आता चित्राची गती चांगली वाढली, तर अडथळा कार्डाचा होता. गती होती तेवढीच राहिली, तर अडथळा प्रोसेसरचा. मग नव्या कार्डावर खर्च करून उपयोग नाही.

ऑफिसातून आलेला जुना संगणक

आपल्याकडे पुष्कळ घरांत कंपन्यांनी काढून टाकलेले, दुरुस्त करून विकलेले संगणक येतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर आणि इतर शहरांच्या बाजारांतही ते मिळतात. स्वस्त आणि अभ्यासाला चांगले. पण त्यांत कार्ड टाकण्याची वेळ आली की खरी कसोटी लागते.

असा एक नेहमी आढळणारा संगणक घेऊ. त्यात इंटेलचा 'आय-५ ३४७०' हा २०१२ सालचा प्रोसेसर आहे. कोअर चार. 'आय-५' हे नाव ऐकून पुष्कळांना वाटते की आजच्या आय-५ सारखाच तो असणार. तसे नाही. 'आय-५' हे घराण्याचे नाव आहे. पिढी कोणती ते पुढच्या आकड्यावरून कळते. ३४७० मधला ३ म्हणजे तिसरी पिढी. २०२२ सालचा 'आय-५ १२४००' हा बाराव्या पिढीचा. त्याला सहा कोअर आहेत आणि त्याचा प्रत्येक कोअर जुन्यापेक्षा खूपच वेगवान आहे.

या जुन्या संगणकात कार्ड घालताना चार गोष्टी तपासाव्या लागतात.

पहिली, वीज. ऑफिसच्या संगणकांत एसएमपीएस बहुधा अडीचशे-तीनशे वॉटच्या आसपासचा असतो व कार्डाला जोडायची वेगळी वायर त्यात नसते. मदरबोर्डाच्या खाचेतून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात. त्याहून अधिक लागली तर एसएमपीएसमधून थेट वायर यावी लागते. आरटीएक्स ३०६० ला १७० वॉट लागतात आणि त्यासाठी कंपनी ५५० वॉटचा एसएमपीएस सुचविते. मग असे कार्ड या संगणकात कसे चालणार? काही जण हार्ड डिस्कच्या वायरीला जोड लावून काम भागवितात. हे मुळीच करू नये. ती वायर तेवढ्या भारासाठी नसते. ती तापते आणि वितळूही शकते. शिवाय अशा पुष्कळ संगणकांत एसएमपीएसचा आकार आणि त्याची जोडणी कंपनीने स्वतःची ठेवलेली असते, बाजारातला साधा एसएमपीएस त्यात बसत नाही.

दुसरी, जागा. अरुंद कॅबिनेटमध्ये पूर्ण उंचीचे कार्ड बसत नाही, 'लो प्रोफाइल' म्हणजे कमी उंचीचे लागते. कॅबिनेट उघडून आतली लांबी-उंची पट्टीने मोजावी आणि कागदावर लिहून घ्यावी.

तिसरी, खाच. कार्ड ज्या लांब खाचेत बसते तिला 'पीसीआय एक्स्प्रेस' म्हणतात. तिच्याही पिढ्या आहेत. नवे कार्ड जुन्या खाचेत चालते, पण जुन्या गतीने. खाचेला रस्ता समजा. काही स्वस्त कार्डांना रस्त्याच्या सोळा पदरांऐवजी चारच वापरता येतात. एएमडी कंपनीचे 'आरएक्स ६५०० एक्सटी' हे २०२२ सालचे कार्ड असेच आहे. चौथ्या पिढीच्या खाचेत त्या चार पदरांतून सेकंदाला सुमारे ८ जीबी माहिती जाते. तिसऱ्या पिढीच्या खाचेत ती निम्म्यावर येते. त्या कार्डाची स्वतःची मेमरीही फक्त ४ जीबी. ती भरली की संगणकाच्या रॅमकडून माहिती मागवावी लागते आणि तीही याच अरुंद रस्त्याने. म्हणून हे कार्ड जुन्या संगणकात घातले की त्याची गती ठळकपणे घसरते. 'नवे आहे, म्हणजे चांगलेच असणार' हा समज येथे महागात पडतो.

चौथी, पुढचे आयुष्य. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टची अट अशी की इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा असावा. तिसऱ्या पिढीचा त्यात बसत नाही. लिनक्स चालते व ते मोफतही आहे, पण मुलांना लागणारे सॉफ्टवेअर त्यावर चालते का ते आधी पाहावे लागेल. शिवाय 'एव्हीएक्स-२' नावाची एक सोय इंटेलच्या प्रोसेसरांत २०१३ सालच्या चौथ्या पिढीपासून आली. ती नसेल तर काही नवी सॉफ्टवेअर सुरूच होत नाहीत. कार्ड कितीही भारी असले तरी ही उणीव ते भरून काढू शकत नाही.

मग अशा संगणकात काहीच घालू नये का? घालावे, पण त्याला झेपेल असे. 'जीटीएक्स १६५०' हे २०१९ सालचे कार्ड ७५ वॉटमध्ये चालते. त्याच्या बऱ्याच प्रकारांना वेगळी वायर लागत नाही आणि काही प्रकार कमी उंचीचेही आहेत. पदर पुरे सोळा. जुन्या चार कोअरांच्या प्रोसेसरशी त्याची जोडी बऱ्यापैकी जमते. मात्र त्याच्या काही प्रकारांना वायर लागते, म्हणून डब्यावरचे नाव पाहून न थांबता कार्डाची कड पाहून घ्यावी. यापेक्षा महाग कार्ड घेण्याचा विचार असेल, तर ते पैसे बाजूला ठेवून नवा बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम यांसाठी साठवणे शहाणपणाचे.

नवी जोडी घेताना

नवा संगणक जुळवून घ्यायचा असेल, तर प्रोसेसरच्या नावातील शेवटच्या अक्षराकडे लक्ष द्या. त्या एका अक्षरात बरेच काही असते.

एएमडीचे 'रायझन ५ ५६००' आणि 'रायझन ५ ५६००-जी' हे दोन प्रोसेसर पाहा. दोन्हींत सहा कोअर. दोन्ही 'एएम-४' या एकाच प्रकारच्या बोर्डावर बसतात. पण 'जी' असलेल्यात चित्र दाखविण्याची सोय आतच आहे. साध्या ५६०० मध्ये ती नाही. कार्ड नसेल तर पडदा काळाच राहील. दुसरीकडे साध्या ५६०० मध्ये आतली कॅश मेमरी ३२ एमबी, तर 'जी' मध्ये १६ एमबी. साधा ५६०० कार्डाशी चौथ्या पिढीच्या गतीने बोलतो, 'जी' तिसऱ्या पिढीच्या गतीने.

यातून घरासाठी सरळ हिशेब निघतो. आजच कार्डाचे पैसे नसतील, तर 'जी' घ्या. अभ्यास सुरू होऊ द्या, कार्ड पुढे-मागे घालता येईल. त्यात रॅमची एक मोठी पट्टी घालण्याऐवजी सारख्या दोन पट्ट्या घाला. आतल्या चित्रसोयीला त्याचा चांगला फायदा होतो. कार्ड आजच घ्यायचे असेल, तर साधा ५६०० घ्या. 'जी' साठी मोजलेले पैसे मग फारसे उपयोगी पडत नाहीत.

इंटेलमध्ये 'एफ' हे अक्षर असेल तर आत चित्राची सोय नाही असे समजावे. उदाहरणार्थ 'आय-३ १२१००-एफ' किंवा 'आय-५ १२४००-एफ'. ते थोडे स्वस्त पडतात. पण कार्ड कधी दुरुस्तीला गेले तर तोवर संगणक बंद ठेवावा लागतो. व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी : इंटेलच्या आतल्या चित्रसोयीबरोबर व्हिडिओ झटपट उलगडण्याचे यंत्रही येते. 'एफ' मध्ये तेही नसते.

फुल एचडी पडद्यावर खेळ, एडिटिंग आणि ब्लेंडरचे शिक्षण एवढेच उद्दिष्ट असेल, तर रायझन ५ ५६०० किंवा आय-५ १२४००-एफ यांच्याबरोबर आरएक्स ६६००, आरटीएक्स ३०६० किंवा आरटीएक्स ४०६० या तोलाचे कार्ड, ही जोडी व्यवस्थित जमते. इंटेलची 'आर्क' कार्डेही बाजारात आहेत. पण त्यांना 'रिसायझेबल बार' नावाची सोय असलेला बऱ्यापैकी नवा प्रोसेसर आणि बोर्ड लागतो. जुन्या संगणकात ती घालू नयेत.

बोर्डाचेही पाहा. प्रोसेसर ज्या बैठकीत बसतो तिला सॉकेट म्हणतात. इंटेलच्या बाराव्या, तेराव्या व चौदाव्या पिढीला 'एलजीए १७००' लागते. एएमडीची एएम-४ ही बैठक २०१६ सालची, आणि २०२२ साली एएम-५ आली. एएम-५ वर फक्त डीडीआर-५ रॅम चालते, जुनी डीडीआर-४ तिथे बसत नाही. ज्यांच्याकडे आधीच एएम-४ चा जुना बोर्ड आहे त्यांच्यासाठी एक चांगली गोष्ट आहे. पुष्कळ बोर्डांवर बायोस अद्ययावत करून पाच हजार मालिकेचा प्रोसेसर बसविता येतो. बोर्ड बनविणाऱ्या कंपनीच्या यादीत आपला बोर्ड आहे का ते पाहावे, म्हणजे नव्या बोर्डाचा खर्च वाचेल.

कार्डासाठी जास्तीत जास्त पैसे वाचावेत म्हणून एसएमपीएसमध्ये काटकसर करू नका. बिननावाच्या एसएमपीएसवर लिहिलेले वॉट तो खरोखर देईलच याचा भरवसा नसतो आणि तो गेला तर कधी कधी बोर्ड व कार्ड यांनाही घेऊन जातो.

सेकंडहँड कार्डाबाबत सावधगिरी

सेकंडहँड कार्ड घेणे यात कमीपणा नाही, पण पारखून घ्यावे. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या आभासी चलनाची पद्धत बदलली आणि ते कार्डांवर 'खणणे' बंद झाले. तोवर रात्रंदिवस राबलेली असंख्य कार्डे मग बाजारात आली. ती सगळीच टाकाऊ नसतात, पण त्यांचे पंखे झिजलेले असू शकतात. याशिवाय बनावट कार्डेही असतात. जुन्या कमकुवत कार्डाच्या आतील माहिती बदलून त्याला नव्या कार्डाचे नाव दिलेले असते. विंडोजही तेच नाव दाखविते. 'जीपीयू-झेड' हे मोफत सॉफ्टवेअर अशी पुष्कळशी लबाडी उघडी पाडते व नावापुढे तसे लिहूनही दाखविते. दुकानातच कार्ड चालवून पाहा, अर्धा तास भार देऊन पाहा. 'घरी जाऊन बघा, काही असलं तर आणा' या शब्दावर पैसे देऊ नका.

कार्डाचे वयही पाहा. एनव्हिडियाने जीटीएक्स ९०० आणि १००० या मालिकांना नव्या खेळांसाठी ड्रायव्हर देणे २०२५ च्या ऑक्टोबरात थांबविले. म्हणून 'जीटीएक्स १०६०' स्वस्तात मिळाले तरी ते आणखी किती वर्षे वापरायचे, हा विचार करूनच घ्यावे.

दुकानात जाताना ही चिठ्ठी न्या

आपल्या संगणकाची पुढील माहिती कागदावर लिहून सोबत ठेवावी :

१. प्रोसेसरचे पूर्ण नाव, शेवटच्या अक्षरासह.
२. मदरबोर्डाचे नाव व त्यातील पीसीआय एक्स्प्रेसची पिढी.
३. एसएमपीएसवर लिहिलेले वॉट, आणि कार्डासाठी सहा किंवा आठ टोकांची वायर आहे की नाही.
४. कॅबिनेटमध्ये कार्डासाठी असलेली लांबी व उंची.
५. रॅम किती आणि किती पट्ट्यांत.
६. मॉनिटर कोणता आणि त्याच्या मागे कोणती खाच आहे. जुन्या मॉनिटरला फक्त व्हीजीए असते आणि नव्या कार्डांना ती नसते. मग वेगळा कन्व्हर्टर लागतो.
७. कोणत्या कामासाठी कार्ड हवे, ते एका ओळीत.

ही चिठ्ठी दुकानदारापुढे ठेवा आणि विचारा : "या प्रोसेसरबरोबर तुम्ही सांगता ते कार्ड पूर्ण ताकदीने चालेल का? यापेक्षा स्वस्त कार्ड घेतलं तर माझ्या कामात नेमका काय फरक पडेल?" माहितगार दुकानदार या प्रश्नांना सरळ उत्तर देतो. उत्तर टाळून फक्त 'हेच घ्या, सगळे हेच नेतात' असे कोणी म्हणत असेल तर पुढच्या दुकानात जावे. पक्के बिल घ्यावे, त्यावर कार्डाचा सिरियल नंबर व वॉरंटीची मुदत लिहून घ्यावी. भाव सारखे बदलत असल्याने दोन-तीन ठिकाणी विचारून मगच निर्णय घ्यावा.

कार्ड घरी बसविल्यावर मॉनिटरची वायर कार्डाच्या खाचेत लावायला विसरू नका. ती मदरबोर्डाच्या जुन्याच खाचेत राहिली तर चित्र प्रोसेसरच्या आतल्या सोयीतूनच येत राहते आणि नवे कार्ड जवळजवळ रिकामे बसते. 'कार्ड घालून काहीच फरक पडला नाही' या तक्रारीमागे पुष्कळदा एवढीच गोष्ट असते.

आई-वडिलांनो, मुलाने किंवा मुलीने कार्ड मागितले तर लगेच 'नाही' म्हणू नका आणि लगेच पैसेही काढून देऊ नका. त्यांना जवळ बसवा, वरची चिठ्ठी त्यांच्याकडूनच भरून घ्या आणि टास्क मॅनेजरमधील आलेख तुम्हांला समजावून सांगायला लावा. ज्या मुलाला आपल्या संगणकात कोण मागे पडते आहे हे सांगता येते, त्याला कोणती वस्तू घ्यायची हेही सांगता येईल. कदाचित चिठ्ठी भरता भरता तोच म्हणेल, "बाबा, आधी एसएसडी आणि रॅम घालू, कार्डाचं पुढच्या वर्षी बघू."